चावलं नाही, चिकटलं होतं

दार उघडणाऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघून घरात ताप आहे की नाही हे मला सांगता येतं. यात जादू काही नाही. अठरा वर्षं मी हेच करतेय. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी, पिशवीत रक्त घ्यायच्या काचपट्ट्या, टोचायच्या सुया, स्पिरिटचा कापूस, डासांच्या अळ्या गोळा करायच्या छोट्या बाटल्या आणि फॉर्मचा गठ्ठा. दार वाजवलं की आधी विचारायचं, घरात कोणाला ताप आहे का. मग पाण्याची पिंपं बघायची, फ्रीजच्या मागचा ट्रे बघायचा, कुंड्यांखालच्या बशा बघायच्या. कोणी म्हणतं या, बसा, पाणी घ्या. कोणी दाराची साखळी न काढताच सांगतं, सब ठीक है. मोरव्यापासून उत्तन-पालीपर्यंत अशी गल्ली नसेल जिथल्या पिंपात मी वाकून बघितलेलं नाही. पालिकेच्या आरोग्य खात्यात मी कंत्राटावर आहे, कायम नाही, पण काम कायमवाल्यांपेक्षा चोख करते, आणि हे मी सुपरवायझरच्या तोंडावर सांगितलेलं आहे.

माझी ही बढाई आधीच ऐकून घ्या, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी चांगलीच तोंडघशी पडले आहे.

माझी लेक तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि पोलीस भरतीची तयारी करत होती. आदल्या भरतीत ती मैदानी चाचणीतच बाहेर पडली होती. आठशे मीटर धावण्यात टायमिंग चुकलं आणि लेखी परीक्षेपर्यंत पोचलीच नाही. घरी आल्यावर रडली नाही, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांना म्हणाली, "पप्पा, अजून एकदा. ह्या वेळी नाही झालं तर मी मॉलमध्ये काउंटरवर लागेन, पुन्हा विषय काढणार नाही." माझा नवरा स्टेशनच्या पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करतो. बोलणं कमी. त्याने मान हलवली आणि महिन्याच्या शेवटी तिला चांगले बूट आणून दिले. तिचा शब्द आम्हा दोघांनाही माहीत होता. दिलेला शब्द ती मागे घेत नाही. हे आमच्या रत्नागिरीच्या रक्तातच आहे, चांगलं म्हणा की वाईट.

रोज पहाटे ती आणि तिच्या दोन मैत्रिणी स्कूटरवरून उत्तनच्या पुढे जायच्या. तिथे डोंगराचा चढ आहे, रस्त्याला गाड्या कमी, आणि चढावर धावलं की सपाटीवर पाय हलके पडतात असं त्यांचं शास्त्र होतं. धावून झालं की तिघी गवतात बसून पाय ताणायच्या. तिथे बकऱ्या चरतात, आणि दोन-तीन कुत्री या पोरींबरोबर शर्यत लावायची आणि नंतर त्यांच्या अंगावर रेलून बसायची. एकदा तिने फोटो दाखवला होता. घामाने भिजलेल्या तिघी, मध्ये एक पिवळट कुत्रं, सगळ्यांचे दात बाहेर. बघून मला इतकं बरं वाटलं की मी तो फोटो माझ्या ग्रुपवर टाकला होता.

दिवाळी होऊन गेल्यावर तिला ताप आला. मैदानी चाचणीला तीन महिने होते.

मी काय केलं असेल ते सांगायला नको. तिथल्या तिथे बोट टोचून काचपट्टीवर रक्त घेतलं, स्वतः लॅबमध्ये नेऊन दिलं. मलेरिया नाही. मग डेंग्यूची तपासणी, तीही नाही. घरातली पिंपं मी कोरडी करून ठेवलेली, आमच्या मजल्यावर डास शोधून सापडणार नाही, त्यामुळे मला जरा ऐटच वाटली. म्हटलं व्हायरल असेल, तीन दिवसांत उतरेल. चौथ्या दिवशीही उतरला नाही. डोकं इतकं दुखायचं की ती खिडकीचा पडदा लावून घ्यायची. तळहातावर बारीक लाल ठिपके दिसले, तेव्हा मी म्हटलं गोळाफेकीच्या लोखंडी गोळ्याने आले असतील. अठरा वर्षांचा अनुभव बोलत होता ना.

आमच्या बिल्डिंगच्या समोरच्या रस्त्यावर एक दवाखाना आहे. डॉक्टर तरुण, गुजराती, मनाने चांगला, पण दारात नेहमी वीस माणसं. त्याने तिला नीट तपासलं, आणि जे विचारायला हवं तेही विचारलं.

"पिछले दो हफ्ते में कहीं बाहर गई थी? कुछ काटा था?"

"नहीं," लेक म्हणाली.

"मच्छर, कीड़ा, कुछ भी?"

"नहीं, कुछ नहीं काटा," ती म्हणाली, आणि मीही शेजारून मान हलवली. मी तर घरी तिला दोनदा विचारलं होतं, काही चावलं का गं. आमच्या फॉर्मवरचा प्रश्नच तो आहे. डॉक्टरने तापाच्या गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी परत या म्हणाला.

त्या दोन दिवसांत मी कामावर जात होते, हे मला आजही बोचतं. रजा घेतली तर दिवस कापतात हे खरं, पण खरं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, तापाचं मला कळतं, आणि हा ताप साधा आहे. लोकांच्या दारात उभी राहून मी विचारत होते, ताप आहे का, किती दिवस झाले, डॉक्टरला दाखवलं का, दुर्लक्ष करू नका. आणि माझी मुलगी घरी अंधाऱ्या खोलीत उशीखाली डोकं खुपसून पडली होती.

सहाव्या दिवशी दुपारी मी लवकर आले. तिचे केस गुंतून गोळा झाले होते, म्हणून तिला भिंतीला टेकवून बसवलं आणि मोठ्या फणीने हळूहळू सोडवायला लागले. डाव्या कानाच्या मागे, केस सुरू होतात तिथे, फणी अडली. मी केस बाजूला केले. मसूर डाळीच्या दाण्याएवढी काळी खपली होती आणि भोवती लाल कडं.

"हे काय गं?"

"काही नाही. तिथे गोचीड होती."

"कधी?"

"झाले दहा-बारा दिवस. डोंगरावरून आल्यावर हाताला लागली, ओढून टाकली."

माझा हात तिथेच थांबला. "मग डॉक्टरने विचारलं तेव्हा सांगितलं का नाहीस? मी विचारलं तेव्हा?"

तिने डोळे किलकिले करून माझ्याकडे बघितलं. मीच काहीतरी येड्यासारखं विचारतेय असं तिचं तोंड झालं होतं. "तुम्ही दोघांनी चावलं का म्हणून विचारलंत. ती चावली कुठे? चिकटली होती."

पहिल्यांदा मला इतका राग आला की हातातली फणी मी पलंगावर आपटली. मग तशीच खाली बसले. कारण ती बरोबर बोलत होती. मराठीत डास चावतो, ढेकूण चावतो, मुंगी चावते, कुत्रा चावतो. गोचीड चावत नाही. गोचीड लागते, गोचीड चिकटते. माझ्या माहेरी दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या कानामागच्या गोचिडी काढायचं काम लहानपणी माझ्याकडेच होतं. कोणी मला विचारलं असतं, म्हशीला काही चावलंय का, तर मीही ठामपणे नाही म्हणाले असते. त्यातून ती चिकटते तेव्हा दुखत नाही, खाजत नाही, पिऊन फुगेपर्यंत पत्ता लागत नाही. जे दुखलं नाही ते चावलं कसं म्हणायचं? लेकीने खरं तेच सांगितलं होतं. प्रश्न चुकीचा होता, आणि तो प्रश्न मी अठरा वर्षं घरोघर विचारत आले होते.

मी तशीच चप्पल घालून, कामाची पिशवी खांद्याला लावून दवाखान्यात गेले. रांग मोडून आत घुसले, त्याबद्दल दोन माणसांनी मला ऐकवलं, मी त्यांना परत ऐकवलं.

"डॉक्टर, उसको गोचीड चिपका था. कान के पीछे."

"क्या चिपका था?"

"गोचीड. गाय-भैंस को होता है ना."

"गोबर?"

मला त्या क्षणी हिंदी शब्द आठवेना. आठवेना कशाला, तो मला येतच नव्हता. इतकी वर्षं सगळ्या दुनियेशी हिंदीत बोलले, पिंप, झाकण, अळी, फवारणी, सगळ्याचं हिंदी येतं, पण गोचिडीची गरजच कधी पडली नव्हती. "खून पीता है. पीके फूलता है. चना जैसा."

"अच्छा, जूं," डॉक्टर म्हणाला. "जूं से बुखार नहीं आता, मैडम. शैम्पू लिख देता हूँ." बाहेर बसलेली एक बाई हसली.

मी शांत बसणारी बाई नाही, पण भांडून उपयोग नव्हता. मी बाहेर आले. आमच्या गेटवर वॉचमनजवळ एक काळं कुत्रं कायम पडून असतं. त्याच्यापाशी बसले, एक बिस्किट पुढे टाकलं आणि त्याचा कान उलटा केला. आत भरलेल्या होत्या. डोंगरावर जायची गरजच नव्हती, आमच्या गेटवरच पंगत बसली होती. पिशवीतला चिमटा काढून मी दोन ओढल्या, एक बारीक आणि एक टम्म फुगलेली, आणि अळ्यांच्या बाटलीत टाकून बूच घट्ट लावलं. कुत्र्याने हूं की चूं केलं नाही. वॉचमन म्हणाला, "मैडम, अब मच्छर छोड़ के ये भी पकड़ने लगे?" त्याला उत्तर द्यायला मला वेळ नव्हता.

पाच मिनिटांत मी परत डॉक्टरच्या टेबलापुढे उभी होते. बाटली त्याच्या कागदांवर ठेवली. "ये," मी म्हटलं. "ये चिपका था."

त्याने बाटली उजेडाकडे धरली. तोंडावरचा सगळा कंटाळा गेला. "टिक," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "मैडम, ये तो पहले दिन बोलना था."

"आपने काटा क्या पूछा. ये काटता नहीं, चिपकता है."

त्याने बाटली माझ्या हातात परत दिली. मग रांगेतल्या माणसांना थांबायला सांगून माझ्याबरोबर आमच्या तिसऱ्या मजल्यावर आला. त्याने खपली बघितली, तळहात बघितले, पायमोजे काढायला लावून तळपाय बघितले. तिथेही तसेच ठिपके होते. गोळाफेक कोणी पायाने करत नाही, हे मला तेव्हा सुचलं. त्याने समजावून सांगितलं की गोचिडीपासून बरेच ताप होतात. परदेशात लाइम नावाचा फार होतो, त्यात सांधे धरतात, आपल्याकडे तो क्वचित. इथे बहुतेक ठिपक्यांचा ताप असतो, आणि हा तोच वाटतोय. रक्त मोठ्या लॅबला पाठवू, पण रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही, गोळ्या आजच सुरू करायच्या. "और दो-तीन दिन निकल जाते तो अस्पताल में रखना पड़ता," तो म्हणाला आणि माझ्याकडे न बघता खाली उतरला.

गोळ्या सुरू झाल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला. तिने भात मागितला. माझा नवरा कारखान्यात जायला निघाला होता, तो परत आत आला आणि डबा ओट्यावर ठेवून तिच्या ताटापुढे बसला. ती जेवत होती आणि तो बघत होता. त्या दिवशी त्याचा अर्धा दिवस कापला गेला. नंतर रिपोर्टही आला, डॉक्टरचा अंदाज बरोबर होता.

ताप गेला, पण माणूस जागेवर यायला वेळ लागतो, हे मी लोकांना नेहमी सांगते आणि स्वतः मात्र विसरले होते. तीन जिने चढताना ती दोनदा थांबायची. गुडघे आणि घोटे सकाळी आखडलेले असायचे. संध्याकाळी पंधरा मिनिटं चालून आली की तोंड पांढरं पडायचं. तिच्या मैत्रिणी धावून यायच्या आणि टायमिंग सांगायच्या, ती ऐकायची आणि हसायची आणि त्या गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपायची.

नवरा मला स्वयंपाकघरात म्हणाला, "ह्या वेळी राहू दे तिला. जीव वाचला ते खूप झालं. तो काउंटरचा शब्दपण विसरायला सांग."

"तुम्ही सांगा," मी म्हटलं.

त्याने सांगितलं. लेकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पप्पा, शब्द माझा आहे. मोडायचा की नाही ते मी बघीन. आधी मला चालू द्या."

मला तिचा राग आला आणि त्याच वेळी अभिमानही वाटला. अशा वेळी आईने काय करायचं असतं ते कुठल्या फॉर्ममध्ये लिहिलेलं नसतं. डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, आधी चालणं, मग हळू धावणं, अंगात परत ताप वाटला तर लगेच थांबायचं. महिनाभर ती चालली. नंतर धावायला लागली, आमच्या रस्त्यावरून, सगळ्यात हळू, म्हाताऱ्या माणसांच्याही मागे. मग एके दिवशी म्हणाली, "आई, मला डोंगरावर जायचंय. सपाटीवर माझे पाय उठत नाहीत."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण विचार केला, गोचीड काय फक्त डोंगरावर आहे? आमच्या गेटवर आहे. तिला घरात कोंडून ठेवायचं तर मग गेटमधूनही सोडायला नको. म्हणून म्हटलं जा, पण माझ्या अटींवर. पायभर पँट, आणि पँटीचं टोक मोज्यात खोचलेलं. गवतात बसायचं नाही, बसायचंच तर रस्त्याच्या कडेला प्लास्टिक अंथरून. कुत्र्यांना लांबूनच रामराम. आल्याबरोबर कपडे गरम पाण्याच्या बादलीत, अंघोळ, आणि मग तपासणी. कानामागे, केसांच्या कडेला, काखेत, कमरेच्या इलॅस्टिकखाली, गुडघ्याच्या मागे. तिच्या मैत्रिणींनाही मी सोडलं नाही. तिघी आमच्या मोरीसमोरच्या बोळात एकमेकींची मान वाकवून बघायच्या आणि खिदळायच्या. या तपासणीला त्या हजेरी म्हणायच्या. "काकू, आज सगळे गैरहजर," असं ओरडून सांगायच्या.

एकदा मात्र एक हजर सापडली. मैत्रिणीच्या कमरेवर, तिळाएवढी. मी धावत तेलाची बाटली आणायला गेले. माहेरी आम्ही तेल नाहीतर रॉकेल लावायचो, नाहीतर विडीचा चटका द्यायचो, म्हणजे ती सुटते. लेकीने माझं मनगट धरलं. "आई, तेल नाही. डॉक्टरने सांगितलंय ना. चटका दिला, तेल लावलं की ती आतलं सगळं अंगात ओकते." तिने चिमटा घेतला, कातडीला अगदी लागून पकडलं आणि न पिळता सरळ वर ओढलं. पूर्ण निघाली. मग साबणाने धुतलं, आणि वहीत तारीख लिहिली, पुढे ताप आलाच तर सांगता यावं म्हणून. मी तेलाची बाटली हातात घेऊन बाजूला उभी होते. आमच्या खात्यात कायम व्हायला एवढी अक्कल पुरेशी आहे, असं मला वाटून गेलं.

इकडे माझा प्रश्नही बदलला. फॉर्मवरचा बदलता येत नाही, तो छापलेला आहे. पण तोंड माझं आहे. ताप असलेल्या घरात मी विचारायला लागले, अंगाला काही चिकटलं होतं का? गोचीड लागली होती का? हिंदीवाल्यांसाठी बाटलीच काढून दाखवायची. कुत्र्याच्या कानातल्या त्या दोन गोचिडी मी सांभाळून ठेवल्या होत्या, सुकलेल्या. सुपरवायझर म्हणाला, "बाई, आपल्याला डास दिलेत. गोचिडीला कॉलम नाही."

"म्हणून तर शेऱ्यात लिहितेय," मी म्हटलं.

पालीला एका अरुंद गल्लीत एक म्हातारी बकऱ्या पाळते. तिचा मुलगा बोटीवर जातो, पाच दिवस तापाने घरी पडून होता. मी विचारलं तर म्हातारी म्हणाली, "गोचीड? ती बकरीला हाय, कुत्र्याला हाय. मानसाला न्हाय."

"माणसाला पण लागते, मावशी. माझ्या पोरीला लागली होती."

"चावली?"

"चिकटली."

म्हातारीने वळून मुलाला हाक मारली. "काय रं, तुला ती कमरेला हुती, ती गोचीडच हुती ना?" त्याने शर्ट वर केला. काळी खपली, लाल कडं. मी चिठ्ठी लिहून दिली, सोबत तोंडीही दोनदा सांगितलं की डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं. पुढच्या फेरीला गेले तेव्हा तो बोटीवर गेला होता, आणि म्हातारीने मला कागदात बांधून सुके बोंबील दिले, नको म्हटलं तरी पिशवीत कोंबले. त्या महिन्याच्या मीटिंगमध्ये सुपरवायझर सगळ्यांना म्हणाला, या बाई विचारतात तसं विचारत जा. माझ्याकडे बघून म्हणाला नाही, पण मला चालतं. मी घरी येऊन नवऱ्याला दोनदा सांगितलं आणि त्यानेही दोन्ही वेळा नव्याने ऐकल्यासारखं केलं.

मैदानी चाचणीच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. आईबापांना आत सोडत नाहीत. बाहेर जाळीच्या कुंपणाला लागून आम्ही उभे, पन्नास-साठ माणसं, कोणी सातारचं, कोणी जळगावचं, सगळ्यांच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या. जाळीतून मैदानाचा एक तुकडा दिसत होता. मध्ये पाण्याचा टँकर उभा, पलीकडे मांडव. मुली टँकरच्या मागून निघायच्या, आमच्यासमोरून जायच्या आणि मांडवामागे नाहीशा व्हायच्या. आठशे मीटर म्हणजे त्या मैदानाचे दोन फेरे.

तिच्या छातीवरचा नंबर मी लांबून ओळखला. पहिल्या फेऱ्यात ती मधोमध होती. आजारपणाआधी ती पुढच्या तीन-चारांत असायची, हे मला माहीत होतं, आणि तिलाही माहीत होतं. ती समोरून गेली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि डावा पाय जरा बाहेर पडत होता. गुडघा. मांडवामागे गेली. मी जाळी दोन्ही हातांनी धरली. शेजारची बाई विचारत होती, तुमची कोणती, आणि मी नुसतं मांडवाकडे बोट केलं.

दुसऱ्या फेऱ्याला पुढच्या मुली टँकरमागून आल्या. पाच, सहा, नऊ, दहा. ती नव्हती. मी मनात म्हटलं, बसली असेल. बसू दे, काही बिघडत नाही, काउंटर तर काउंटर, जीव आहे. असं मनात म्हणत होते आणि डोळे टँकरवरून हलत नव्हते. मग ती आली. मागे फक्त चार मुली होत्या. ती चालत नव्हती. हात कसेही हलत होते, मान एका बाजूला गेली होती, पण पाय धावत होते. समोरून गेली तेव्हा तिने जाळीकडे बघितलंसुद्धा नाही. मी ओरडले नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या दारात बोलून बोलून घसा तयार झालेला, आणि त्या वेळी काही नाही.

दुपारी ती गेटमधून बाहेर आली, बूट हातात, पायात नुसते मोजे. मी पुढे गेले आणि काही विचारण्याआधी तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं, घामाने ओलं.

"आई, सगळ्यांसमोर काय," ती म्हणाली. "पास झालेय. कसेबसे, पण मार्क पुरले. लेखीला बसायला मिळणार."

"बरं," मी म्हटलं आणि हात काढायला गेले.

"राहू दे दोन मिनिटं," ती म्हणाली, आणि बाकीच्या मुली बाजूने जात असताना तशीच उभी राहिली.